यष्टिरक्षकाचा रकाना

शिवनेरीच्या सावलींतील आपल्या मैदानावर क्रिकेटचा संघ निवडतांना एक प्रसंग दरवर्षीं घडतो. गोलंदाजीस दहा मुलें पुढें येतात. यष्टिरक्षकाचे मोठे हातमोजे मात्र ज्याच्या वाट्यास येतात तो हिरमुसतो. घोडेगांवकडील मुलांशीं सामना खेळून तो घरीं गेला कीं वडील विचारतात, “धावा किती काढल्यास?” मुलाचा रुसवा मला समजतो, वडिलांचा प्रश्न मात्र अपुरा वाटतो.

महाराष्ट्राच्या संघाचे यष्टिरक्षक पद्मनाभ गोविंद ऊर्फ नाना जोशी यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९२६ सालीं बडोद्यास झाला व १९८७ सालीं पुण्यास ते निवर्तले. १९५१ ते १९६० या काळांत भारताकडून त्यांना अवघे १२ कसोटी सामने मिळाले. सेन, मंत्री, ताम्हणे, कुंदरन हे सारे त्याच जागेचे मानकरी. म्हणून नानांनीं संघांत यावें, बाहेर व्हावें, आणि पुन्हां बोलावणें येईपर्यंत हात तयार ठेवावेत, असें चालले. त्या १२ सामन्यांत त्यांनीं १८ झेल घेतले व ९ गडी यष्टिचीत केले.

म्हणजे तिसरा हिस्सा यष्टिचीत! फिरकी गोलंदाजीस यष्टींना खेटून जो उभा राहिला आहे, त्यालाच याचें मोल कळेल. चेंडू वळतो नेमक्या त्याच क्षणीं फलंदाजाचें शरीर आड येतें. न दिसलेला चेंडू हातांत यावा लागतो, आणि फलंदाजाचा पाय रेषेबाहेर आहे तोंच यष्टी उडवावी लागते. शिवाय वहींत ‘बाय’ म्हणून नोंद होते ती सुटलेल्या चेंडूची. अडविलेल्या शंभरांची कोठेंच नाहीं.

नानांचें नांव आज निघतें तेंही बहुधा बॅटीमुळेंच. डिसेंबर १९६० मध्यें मुंबईस पाकिस्तानाविरुद्ध त्यांनीं नाबाद ५२ धावा केल्या व रमाकांत देसायांसह नवव्या गड्यासाठीं १४९ धावा जोडल्या. तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. धावा काढल्या कीं जागा टिकते, असें मानणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें.

माझी सूचना साधी आहे. आपल्या वहींत यष्टिरक्षकाकरितां एक निराळा रकाना असावा: झेल, यष्टिचीत, अडविलेले चेंडू. वार्षिक बक्षिसाच्या वेळीं तोही वाचला जावा. बक्षीस सर्वाधिक धावांसच द्यावें, असा नियम निदान मला तरी कोठें लिहिलेला आढळला नाहीं. नव्या वहीचा खर्च मी सोशीन. रेघा मात्र मुलांनीं आंखाव्यात.