हृदय कशामुळे थांबलं?

'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.' मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर आम्ही डॉक्टर सर्रास एवढंच लिहितो. पण हृदय शेवटी प्रत्येकाचंच बंद पडतं. ते क्षयाने पडलं, मधुमेहाने की सर्पदंशाने, हे लिहिणं अपेक्षित असतं.

२०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. ही पोकळी भरण्यासाठी संशोधकांनी घरोघरी जाऊन नातेवाइकांना शेवटच्या आजाराची लक्षणं विचारली. त्यावरून २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावल्याचा अंदाज निघाला. सरकारी नोंदींत त्यातले फार थोडे दिसत होते. जो मृत्यू नोंदीत नाही, त्याच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाची मागणी तरी कशाच्या आधारावर करायची?

रात्रपाळीच्या गर्दीत हा कागद घाईत भरला जातो, हे मी जाणतो. मीही तसा भरला आहे. तरी दोन मिनिटं जास्त द्यायलाच हवीत. २०२३ च्या कायदादुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्या, वाचा. कारण कळलं नाही, तर डॉक्टरांना विचारा.