विश्लेषण : अनियमित ठोक्यांवरील औषधाची चाचणी, सही करण्याआधी काय विचारावे?

छातीत धडधड वाढली की आपण आधी उन्हाला, दगदगीला किंवा पित्ताला दोष देतो. ईसीजीत ठोके अनियमित दिसले, की म्हसवडच्या रुग्णाला पुढील उपचारांसाठी सातारा, सांगली किंवा पुणे गाठावे लागते. तिथे एखादे वेळी विचारणा होते, ‘औषधाच्या चाचणीत सहभागी व्हाल का?’ घाबरून नकार देणे आणि ‘डॉक्टर म्हणतात ना’ म्हणून अंगठा उठवणे, ही दोन्ही टोके टाळायला हवीत.

आजार नेमका काय?

‘एट्रिअल फिब्रिलेशन’मध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. वॉरफॅरिनसारख्या जुन्या गोळ्यांसाठी ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. नव्या गोळ्यांना ती लागत नाही. पण त्या महाग असतात.

नवे औषध म्हणजे चांगलेच का?

नाही. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांवर ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी भारतासह २४ देशांत झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ४,५३१ रुग्णांच्या विश्लेषणात सुमारे ७२ टक्के महिला होत्या. पक्षाघात, मृत्यू अशा गंभीर घटना नव्या रिव्हारॉक्साबॅनच्या गटात २,२७५ पैकी ५६० जणांत, तर जुन्या गोळ्यांच्या गटात २,२५६ पैकी ४४६ जणांत घडल्या. जुने औषध सरस ठरले. या रुग्णांनी भाग घेतला नसता, तर हे कळलेच नसते.

सही करण्याआधी काय विचारावे?

- मला कोणते औषध मिळणार? बहुतेकदा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. जुनेच औषधही वाट्याला येऊ शकते.
- धोके कोणते? सध्याच्या गोळ्या बंद होणार का?
- किती फेऱ्या? प्रवासखर्च कोण देणार?
- चाचणी संपल्यावर औषध मिळणार का?
- ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत चाचणीचा क्रमांक काय? ही नोंद २००९ पासून सक्तीची असून ती कुणालाही मोफत पाहता येते.

कायदा काय सांगतो?

नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियम, २०१९ नुसार माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे. वाचता येत नसेल, तर समजावून सांगताना त्रयस्थ साक्षीदार हजर असावा. केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. नैतिकता समितीचा संपर्कही कागदावर असतो. तो कागद घरी आणावा, मुलाबाळांशी आणि गावच्या डॉक्टरांशी बोलावे, मगच ठरवावे.

जबाबदारी फक्त रुग्णाची?

मुळीच नाही. रोजगार बुडवून एसटीने येणाऱ्या बाईकडून संमती घ्यायची, तर ती तिला कळेल अशा मराठीत आणि पुरेसा वेळ देऊन घेतली पाहिजे. तपासणी जवळच्या केंद्रात व्हावी आणि निकाल तिलाही कळवावा. औषध जगाच्या उपयोगी पडते. ते सिद्ध करणाऱ्याला निदान काय सिद्ध झाले, एवढे तरी सांगायला हवे.