खेळ फुकट, खिसा रिकामा!

पूर्वी व्हिडिओ गेम दुकानात मिळत असे. एकदा पैसे मोजले की खेळ आपला. गेल्या दीड दशकात हा व्यवहार उलटा झाला. आता खेळ फुकट मिळतो आणि पैसे खेळता खेळता काढले जातात. कधी पात्राच्या पोशाखासाठी, कधी बंदुकीच्या रंगासाठी, कधी बंद पेटीसाठी. पेटीत काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळते. मग याला खेळ म्हणायचे की जुगार? बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगारच ठरविले.

या फुकटाची किंमत कोण मोजतो? बहुतेक खेळाडू एक पैसाही देत नाहीत. मोजक्या खेळाडूंच्या खिशातून कंपन्यांची तिजोरी भरते. म्हणून सारे डावपेच त्यांच्यासाठीच. रुपयांऐवजी नाणी आणि हिरे, म्हणजे खर्चाचा अंदाज येऊ नये. 'शेवटची संधी' म्हणून घाई. 'फोर्टनाइट' हा असाच फुकटचा खेळ. मुलांची खासगी माहिती गोळा करणे आणि फसव्या बटणांद्वारे खरेदी करायला लावणे, या आरोपांवरून त्याची कंपनी एपिक गेम्सने २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण तो पैसे जिंकण्याच्या आशेने लावलेल्या डावांसाठी आहे. जिथे पैसा परत येण्याची आशाच नाही, तो पोशाखांचा आणि हिऱ्यांचा बाजार चालूच आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा फोन मुलाच्या हाती असतो आणि त्याच फोनमध्ये तिच्या बँक खात्याची चावी असते!

तरीही आपण निःशस्त्र नाही. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरीबीबी खटल्यापासून प्रस्थापित आहे. खोटी घाई दाखवून विक्री करणे २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविले आहे. पैसे गेले तर मुलाला मारझोड करू नका. व्यवहाराचे संदेश जपा, कंपनीकडे लेखी परतावा मागा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि वकिलाची सक्तीही नाही.

पोराने हट्ट केला म्हणून पैसे गेले, असे समजून गप्प बसणाऱ्या पालकांच्या मौनावरच हा धंदा पोसला जातो. ते मौन आधी मोडले पाहिजे!