तिजोरीचे अर्थशास्त्र आणि मजुराची दारू

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी हातभट्ट्या पेटतातच. म्हणून बंदीच उठवा, असा युक्तिवाद केला जातो. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा रद्द करावयाचा काय? शेजारच्या चंद्रपुरातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये याच सबबीखाली उठविण्यात आली. बुडालेल्या महसुलाचाही हिशेब मांडला गेला. हा महसूल येतो कोठून? शेतमजुराच्या रोजंदारीतून, त्याच्या मुलांच्या ताटातून! त्याला विकासनिधी म्हणणे ही फसवणूक होय. राज्यघटनेचे ४७ वे कलम शासनाकडून पोषण, आरोग्य आणि मद्यबंदी यांची एकत्रित अपेक्षा करते. व्यसनमुक्ती निव्वळ उपदेशाने होत नाही, निव्वळ पोलिसांनीही नाही. साथींनो, भट्टीमागील हितसंबंधांवर बोट ठेवा. ग्रामीण रुग्णालयांत व्यसनमुक्तीचे मोफत उपचार मागा.