खिशातील यंत्र आणि एकतर्फी फर्मान

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 29 जानेवारी 2025 रोजी एक परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले की, चॅटजीपीटी, डीपसीक यांसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा कार्यालयीन उपकरणांवर वापर कटाक्षाने टाळावा. शासकीय माहितीच्या व कागदपत्रांच्या गोपनीयतेला त्यांपासून धोका आहे, हे कारण त्यात दिले होते आणि ते खोटे नव्हते. परंतु परिपत्रक कार्यालयाच्या संगणकापाशी थांबले. कर्मचाऱ्याच्या खिशातील मोबाईलविषयी ते बोलले नाही. आणि सारा गुंता तर त्या खिशातच आहे.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून रोज पहाटेपासून लोकलने ठाणे, ऐरोली आणि मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांत हिशेबनीस, विमा व बँकांच्या कचेऱ्यांतील कारकून, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिणारी मुले-मुली असा मोठा वर्ग आहे. मराठी किंवा सिंधी घरात वाढलेल्या या तरुणांना दिवसभर इंग्रजी पत्रव्यवहार करावा लागतो. ज्या पत्रासाठी पाऊण तास लागे, ते खिशातील यंत्र दोन मिनिटांत लिहून देते. वरिष्ठांना ते दिसते, पण विचारत कोणी नाही. मात्र कामाचा वेग वाढलेला पाहून दुसऱ्या दिवशी टेबलावर दीडपट काम येते. त्या वेगाने काम करायचे तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही, आणि यंत्र वापरले तर नियमभंगाची तलवार डोक्यावर.

स्वतःच्या पदराचे हत्यार घेऊन कामावर जाणे श्रमिकाला नवीन नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारासाठी राबणारा सुतार आपली करवत आणि रंधा बरोबर आणतो, म्हणून त्याला कोणी कामावरून काढत नाही. पण सुताराचा रंधा मालकाच्या लाकडाची बातमी बाहेर नेत नाही. हे नवे हत्यार नेते. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात टाकलेला मजकूर, वापरणाऱ्याने ती सोय स्वतः बंद केली नसेल, तर पुढील यंत्रे घडविण्यासाठी कंपनी वापरू शकते. संस्थांना विकल्या जाणाऱ्या खात्यांत मात्र तसे न करण्याची मूळचीच व्यवस्था आहे. म्हणजे सुरक्षित हत्यार पैसे मोजणाऱ्या मालकासाठी आणि असुरक्षित हत्यार पगारातून खर्च करणाऱ्या कारकुनासाठी! ऑगस्ट 2025 मध्ये भारतात महिना 399 रुपयांची योजना निघाली, आणि 4 नोव्हेंबर 2025 पासून नाव नोंदविणाऱ्यांना ती वर्षभर फुकट देऊ करण्यात आली. फुकटाच्या या उदारपणाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

धोका काल्पनिक नाही. दक्षिण कोरियातील सॅमसंग कंपनीच्या अभियंत्यांनी कंपनीची गुप्त संगणकीय आज्ञावली या यंत्रात टाकल्याचे उघड झाले, आणि मे 2023 मध्ये कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. अंबरनाथच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी कडक मनाई असावी, याविषयी वाद नाही. वाद आहे तो मनाई कोण लिहितो आणि तिचे ओझे कोणावर टाकतो याविषयी. नागरिकांच्या माहितीच्या रक्षणाची जबाबदारी 2023 च्या कायद्याने ती माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. ती जबाबदारी एका ओळीच्या फर्मानाने कारकुनाच्या गळ्यात अडकविणे ही व्यवस्थापनाची चलाखी होय.

गैरवर्तन कशाला म्हणावे हे स्थायी आदेशांत लिहिलेले असते. परंतु 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच ठेवली. 1946 च्या कायद्यात ही मर्यादा 100 होती आणि महाराष्ट्राने ती 50 वर आणली होती. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने आणि उल्हासनगरच्या गल्लीबोळांतील जीन्सचे कारखाने या मर्यादेच्या जवळपासही येत नाहीत. तेथे मालकाचा शब्द हाच नियम.

हे टळू शकते, याला इतिहास साक्षी आहे. बँकांत संगणक आले तेव्हा कर्मचारी संघटनांनी 1983 आणि 1987 मध्ये करार केले. यंत्रे कोठे व कोणत्या कामासाठी बसवायची हा वाटाघाटीचा विषय झाला. त्या करारांवर तेव्हा डाव्या बाजूनेही पुष्कळ टीका झाली, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. पण प्रश्न टेबलावर तरी आला. अमेरिकेतील चित्रपट-लेखकांनी 2 मे ते 27 सप्टेंबर 2023 असा संप करून जो करार मिळविला, त्यात लेखक कंपनीच्या संमतीने यंत्र वापरू शकतो, पण कंपनी त्याच्यावर यंत्राची सक्ती करू शकत नाही, असे कलम आहे.

काही कर्मचारी म्हणतात की हा विषय काढूच नये. गुपचूप चालले आहे ते बरे चालले आहे. ते बरे चालते ते पहिली चूक होईपर्यंत. यंत्र बिनदिक्कत खोटे आकडेही लिहून देते, आणि खाली सही कारकुनाची असते. म्हणून मागणी स्पष्ट हवी: काम यंत्राच्या वेगाने हवे असेल तर सुरक्षित यंत्र मालकाने स्वखर्चाने द्यावे, कोणती माहिती त्यात टाकू नये याची यादी कर्मचाऱ्यांशी बोलून, मराठीत लावावी, आजवरच्या वापराबद्दल कोणावर कारवाई नको, आणि वाचलेल्या वेळाचा वाटा कामाच्या तासांत दिसावा. कामगारकपात होण्याचा संभव असलेला कार्यपद्धतीतील बदल करण्यापूर्वी 21 दिवसांची सूचना द्यावी लागते, ही तरतूद नव्या संहितेतही शिल्लक आहे. तिचा उपयोग करून घ्यावा.

अडचण संघटनेच्या घरातलीही आहे. या पट्ट्यातील चळवळ यंत्रावरच्या कामगाराभोवती उभी राहिली. कचेरीतील कारकुनाला तिने मालकाचा माणूस समजून दूर ठेवले आणि तोही दूर राहिला. मागण्यांचा मसुदा करताना त्याला प्रथम बोलवावे लागेल. बैठक रविवारी सकाळी ठेवावी. उरलेले सहा दिवस तो गाडीत असतो.