एक समाधी, दोन राजवटी

नानकिंगच्या जांभळ्या पर्वतावर, सन यत्-सेन यांच्या समाधीनजीक, ल्याओ चुंगखाय आणि हो श्यांगनिंग या क्रांतिकारक दांपत्याची संयुक्त समाधी आहे. अशा स्थळी पतिपत्नींच्या निष्ठेचे गोडवे गाणे सोपे. या समाधीचा राजकीय इतिहास मात्र बोचणारा आहे.

कुओमिंतांगच्या डाव्या गटाचे नेते ल्याओ यांनी १९२५ च्या कँटन-हाँगकाँग संपात कामगारांची बाजू घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पक्षकचेरीच्या दारातच त्यांचा खून झाला. संशय स्वपक्षातील उजव्यांवर होता. १९२७ मध्ये चिआंग कै-शेक यांनी शांघायच्या कामगारांची कत्तल घडवली. आणि १९३५ मध्ये त्यांच्याच राजवटीत ल्याओंचे पार्थिव कँटनहून येथे सन्मानाने आणले गेले! हुतात्म्याचे धोरण गाडावयाचे आणि देहाला मानवंदना द्यावयाची, ही रीत केवळ चीनची नव्हे.

हो श्यांगनिंग चिआंगपासून केव्हाच दुरावल्या होत्या. काही काळ त्या युरोपात चित्रे विकून राहिल्या. कम्युनिस्ट राजवटीने त्यांना उच्च पदे दिली, आणि १९७२ मध्ये, दहनाचा प्रघात बाजूस ठेवून, त्यांच्या इच्छेनुसार पतीशेजारी त्यांचे दफन केले. त्याच राजवटीच्या १९८२ च्या राज्यघटनेतून कामगारांचा संपाचा हक्क वगळण्यात आला.