ॲक्च्युअली

"ॲक्च्युअली, हप्ता कालच भरणार होतो," खातेदार म्हणतो. "ॲक्च्युअली, साहेबांची सही राहिलीय," पलीकडचं टेबल म्हणतं. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं हेच ऐकतोय. हा शब्द कानावर आला, की खुशाल समजावं, काम झालेलं नाही!

आता या गृहस्थांचं कूळ पाहा. लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे करणे. त्यावरून 'आक्टुस', म्हणजे कृती. ॲक्शन आणि ॲक्टर ही त्याच घरातली भावंडं. 15व्या शतकात 'ॲक्च्युअली' इंग्रजीत आला, तो 'प्रत्यक्ष कृतीत' असा अर्थ घेऊन. करून दाखवणाऱ्यांच्या घरातला हा मुलगा आपल्याकडे येऊन न केलेल्या कामांचा वकील झाला!

का हो, मराठीत 'खरं म्हणजे' नव्हतं? होतं की! पण त्यात 'खरं' ठाण मांडून बसलंय. ते उच्चारून थाप मारायची, तर जीभ क्षणभर तरी अडखळते. 'ॲक्च्युअली'ला ती अडचण नाही. थाप कशी सुळकन बाहेर पडते. म्हणून म्हणतो, मंडळी, हा शब्द तेवढा खात्यातून काढून टाका. अडखळणारी जीभ हीच आपली उरलीसुरली शिल्लक. तेवढी तरी राहू द्या!